चादरीची दुसरी बाजू

ते भाषण मीच लिहून दिलं होतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या दीड पानावरून सुरू झालं.

९ जानेवारी २०२५. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत फातिमा शेख यांची जयंती होती. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, आणि आठवड्याच्या आत ही. मधल्या दिवसांत भाषणांची घोकंपट्टी चालते. आठवीतल्या एका मुलीला मी मराठीत भाषण लिहून दिलं. पाहुणे मराठी शाळेतले येणार होते, आणि आमच्या मुलीही फर्डं मराठी बोलतात हे त्यांना दाखवायचं होतं. (उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईच्या मनात हे कायम असतं. लपवत नाही.) जन्म ९ जानेवारी १८३१, भाऊ उस्मान शेख, घराबाहेर पडावं लागलेल्या जोतीराव-सावित्रीबाईंना त्यांनी दिलेला आसरा, अहमदनगरला फरारबाईंकडे घेतलेलं शिक्षण, देशातली पहिली मुस्लिम शिक्षिका. हे सगळं मी मोबाईलवर बघून दहा मिनिटांत उतरवलं. मुलीनं ते न अडखळता म्हटलं. टाळ्या पडल्या. पाहुणे माझ्याकडे बघून हसले. मी खूश.

त्याच दिवशी एका नामवंत पत्रकारानं समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख नावाची बाई कधी झालीच नाही. हे पात्र आपणच रचलं आणि त्याची आज कबुली देत आहोत. रात्रीपर्यंत ते आमच्या शिक्षकांच्या गटावर आलं, पालकांच्या गटावर आलं, माझ्या भावानं पाठवलं, दुबईहून मेव्हण्यानं पाठवलं. कुणी शिव्या देत होतं, कुणी कुचेष्टा करत होतं.

दुसऱ्या दिवशी जुम्मा, शाळा अर्धीच. सुटताना ती मुलगी दाराशी थांबली. तिच्या भावानं तिला घरी चिडवलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "टीचर, मैं झूट बोली क्या?"

मी म्हटलं, "नाही बेटा, तसं नाही ते." आणि पुढे काय बोलावं हे मला सुचेना. कारण तिनं त्याच्या पुढचा प्रश्न विचारला असता, "तुम्हाला कसं माहीत?", तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.एड. करून वीस वर्षं होत आली. मुलांना विचार करायला शिकवा, प्रश्न विचारू द्या, यावर मी परीक्षेत पानं भरली आहेत. आणि जिच्या फोटोखाली बसून मी रोज हजेरी घेते, तिच्याविषयी माझ्याकडे एक वाक्यही असं नव्हतं की ज्याखाली मी बोट ठेवून म्हणेन, हे इथून आलं.

माझे अब्बा सोलापुरात यंत्रमागावर होते. लग्नसराईत नातेवाईक चादरी घ्यायला निघाले की त्यांना बरोबर नेत. दुकानदार चादर फडकवून समोर धरायचा. सोलापुरी चादरीला दोन्ही बाजूंना नक्षी असते, फक्त रंग उलटे. तरीही अब्बा आधी ती उलटायचे आणि बोट फिरवत जायचे. कुठे धागा तुटला आणि पुन्हा सांधला, ते त्यांना बोटाला कळायचं. "सीधी बाजू तो सब दिखाते," म्हणायचे, "उलटी करके देख." दुकानदार नाराज झाला तर म्हणायचे, "चादर खराब आहे असं नाही म्हणत मी. कुठं सांधली तेवढं बघतो."

मला ही आठवण त्या आठवड्यात आली नाही. ती आली फेब्रुवारीत, माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला तेव्हा. तो पुण्यात संगणकाचं काम करतो. आमच्या शाळेत संगणक कक्ष आहे, त्यात बारा संगणक आहेत, त्यातले सात चालतात. त्यानं ते बघितले आणि पहिल्यांदा हसला. आमच्याकडे लेखनाचं जे सॉफ्टवेअर होतं ते कुणीतरी कधीतरी चोरून टाकलेलं होतं, आणि दर आठवड्याला ते पैसे मागायचं. त्यानं सगळं काढलं, लिनक्स टाकलं, लिब्रेऑफिस टाकलं. मुख्याध्यापकांनी शंका काढली, "फुकट आहे म्हणजे चोरीचं तर नाही ना?" तो म्हणाला, "सर, चोरीचं आतापर्यंत होतं. हे तर केरळातल्या सरकारी शाळा किती वर्षं वापरतात."

चहा पिता पिता त्यानं मला ओपन सोर्स म्हणजे काय ते सांगितलं. मी तोवर समजत होते की ओपन सोर्स म्हणजे फुकट. तसं नाही. सॉफ्टवेअर ज्या मजकुरातून बनतं तो मजकूर उघडा ठेवायचा: कुणीही वाचावा, चूक काढावी, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी माणसानं हट्टानं हे काम सुरू केलं. त्याचा आग्रह किमतीचा नव्हता, मोकळीकीचा होता. 'ओपन सोर्स' हे नाव तर नंतरचं, १९९८ चं. माझ्या विद्यार्थ्यानं लॅपटॉपवर कसलासा कोड उघडून दाखवला. प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली, कधी लिहिली, आधी काय होतं, का बदललं, सगळं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण अब्बांचं बोट चादरीच्या उलट्या बाजूवरून फिरताना दिसलं.

मी त्याला विचारलं, "असं काही मुलांच्या लिहिण्यासाठी आहे का?"

त्यानं ईथरपॅड लावून दिलं. हे तुमच्यापैकी कुणी वापरलं नसेल तर सांगते. ही एक कोरी पाटी आहे, पण सातही संगणकांवर तीच पाटी दिसते आणि सगळ्यांना एकाच वेळी लिहिता येतं. प्रत्येक लिहिणाऱ्याला एक रंग मिळतो. कुणी कोणता शब्द लिहिला ते रंगावरून कळतं. आणि वर एक पट्टी असते, ती मागे सरकवली की पाटी कोरी होती तिथपासून आतापर्यंत काय काय लिहिलं आणि काय काय पुसलं, ते सिनेमासारखं दिसतं. २००९ मध्ये याचा कोड खुला झाला, म्हणून आमच्यासारख्या शाळेतही ते आमच्याच एका जुन्या संगणकावर बसवता आलं. इंटरनेटही लागलं नाही, आणि मुलांनी लिहिलेलं शाळेबाहेर कुठे गेलं नाही.

पहिला दिवस वाया गेला. मुलांनी एकमेकांची नावं लिहिली, हसरे चेहरे काढले, एकानं शंभर वेळा 'हाय' लिहिलं. दुसरी अडचण लिपीची. उर्दू दिसत होती पण नस्खमध्ये, आणि मुलं ओरडली, "टीचर, ये तो अरबी जैसा दिखता!" खरंच आहे, आमचं उर्दू नस्तालीकमध्ये नसेल तर ते आपलं वाटत नाही. मग नोटो नस्तालीक हा खुला फाँट टाकला, तर ओळी एकमेकींवर चढल्या, मग अंतर वाढवलं. एकाच ओळीत मराठी आणि उर्दू लिहिलं की उजवीकडून-डावीकडूनचा गोंधळ होऊन पूर्णविराम भलतीकडे जाऊन बसायचा. शेवटी ठरलं, भाषा बदलली की ओळ बदलायची. (माझ्या पंधरा वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका एका जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत अडकून पडल्या आहेत, आता त्या कशातच नीट उघडत नाहीत. तेव्हापासून मी जे काही टाइप करते ते युनिकोडमध्येच.)

दुसऱ्या आठवड्यात मी पाटीच्या वर एक प्रश्न लिहिला: फातिमा शेख यांच्याविषयी आपल्याला काय माहीत आहे? आणि त्याखाली दुसरा: कशावरून?

नियम एकच. वाक्य लिहायचं, आणि त्याच्या खालच्या ओळीत ते कशावरून ते लिहायचं. पाच-पाच जणांचा गट, एकेक संगणक. पहिल्या तासाला पाटी भरून गेली, आणि 'कशावरून'च्या ओळी अशा: टीचरने बताया. गूगल. भाषणात होतं. यूट्यूब. सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा, टीचरने बताया. मी पडद्यासमोर उभी होते आणि माझंच नाव सात रंगांत दिसत होतं.

आता कुणी म्हणेल, यासाठी संगणक कशाला, फळ्यावर झालं असतं. नसतं झालं. फळ्यासमोर उत्तर देणारी आमच्या वर्गात तीन मुलं आहेत, तिघंही मुलगे. संगणकावरही माउस त्यांच्याच हातात असायचा. पण पाटी सगळ्यांसाठी एकदमच उघडी, कुणाची पाळी येण्याची वाट बघायची नाही. हिरवा रंग ज्या मुलीचा होता ती वर्षभर माझ्या तासाला एक शब्द बोलली नव्हती. चौथ्या तासाच्या शेवटी पाहिलं तर पाटीचा निम्मा भाग हिरवा होता.

त्याच तासाला भांडण झालं. हिरवीनं लिहिलं होतं की सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेल्या फातिमा शेख यांचा फोटो आहे, म्हणून त्या होत्या. ते वाक्य गायब झालं. मुलगी रडवेली. "कुणी पुसलं?" सगळे म्हणाले, मी नाही. मग आम्ही पट्टी मागे सरकवली. अक्षरं उलटी मिटत गेली, परत आली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या संगणकावरच्या एका मुलानं ते वाक्य पुसलं. वर्गात हल्लकल्लोळ. मी आता ओरडणार असं वाटून तो मान खाली घालून उभा राहिला. हिरवीनंच विचारलं, "क्यूं काटा?"

तो म्हणाला, "फोटो पे नाम कहाँ लिखा है?"

वर्ग गप्प. आम्ही पाहिलेल्या त्या फोटोच्या एकाही प्रतीवर नाव नव्हतं. त्या शेजारच्या बाई फातिमा आहेत असं मानतात, सांगतात, छापतात. मुलाची शंका अगदी बरोबर होती. पण त्यानं ती लिहिली नाही, वाक्यच पुसलं, आणि पुसण्याबरोबर त्याची शंकाही पुसली गेली. त्या दिवशी दुसरा नियम झाला, मुलांनीच केला: कुणाचं काही पुसायचं नाही, खाली कारण लिहायचं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका चांगला नियम मी स्वतः केलेला नाही.

मग मी त्यांना विकिपीडिया दाखवला. रोज वापरतात, पण वरच्या कळांकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो तेही खुलं, आणि लेखही खुले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनी. उर्दू त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी २००४ मध्ये. मराठीत प्रत्येक लेखाला 'इतिहास पहा' अशी कळ असते, तिथे लेखातला प्रत्येक बदल तारखेनिशी दिसतो. आणि लेखामागे एक 'चर्चा' पान असतं, जिथे लिहिणारे एकमेकांशी वाद घालतात. उर्दूत त्या पानाचं नाव तबादला-ए-खयाल. मुलांना हे फार आवडलं. मराठीत चर्चा करायची, उर्दूत खयाल एकमेकांना देऊन बघायचे. काही वाक्यांपुढे चौकटी कंसात 'संदर्भ हवा' असं दिसलं, तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "हे तर आपलं कशावरून!"

विकिपीडियाचं कौतुक करायला मी बसलेले नाही. तिथे कुणीही लिहू शकतो म्हणजे कुणीही चुकीचंही लिहू शकतो, आणि वर्तमानपत्रं तिथून उचलतात, मग तिथे वर्तमानपत्राचा हवाला दिला जातो, आणि गोल पुरा होतो. आम्ही ९ जानेवारी १८३१ या तारखेच्या मागे लागलो. २०२२ मध्ये गूगलनं याच दिवशी डूडल केलं होतं, तेव्हापासून आमच्या शाळेत जयंती. जिथे जिथे ती तारीख सापडली तिथे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. त्या काळातला एकही कागद आम्हाला त्या तारखेखाली सापडला नाही. एका मुलीनं लिहिलं, सावित्रीबाई ३ जानेवारी १८३१ आणि या ९ जानेवारी १८३१, सहाच दिवसांचा फरक, अजीब है ना? मी तिच्याकडे बघतच राहिले. ही शंका मला कधी आली नव्हती.

आता खरा कागद. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ मध्ये काढलं. एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून ते आणलं. मंडळाची बरीच पुस्तकं आता संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात, तेही एक प्रकारचं खुलं दारच आहे. त्यात सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं. आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला गेल्या होत्या. पत्राचा बराचसा भाग भावाशी झालेल्या वादाचा आहे: महार-मांगांसाठी तुम्ही नवराबायको जे करता त्यानं कुळाला बट्टा लागतो असं भाऊ म्हणतो, आणि बहीण त्याला खडे बोल सुनावते. आणि त्यातच, जाता जाता, पुण्यातल्या कामाची काळजी. आपण तिथे नसल्यानं फातिमाला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचं एक वाक्य.

मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पुन्हा वाचा, म्हणाले. पुन्हा वाचलं.

मग गणिताला हुशार असा एक मुलगा उठला आणि त्यानं हिशेब मांडला. हे पुस्तक छापलं १९८८ मध्ये. तेव्हा समाजमाध्यम नव्हतं, गूगल नव्हतं, विकिपीडियाही नव्हता, तो २००१ चा. मग 'मी बनवलं' म्हणणाऱ्यानं या पुस्तकात कसं घुसवलं? त्यानं पाटीवर पत्रकाराचं विधान लिहिलं आणि खाली आपल्या नियमाप्रमाणे: कशावरून? आणि तिथे काहीच नव्हतं. मला फार बरं वाटलं. तोपर्यंत मला भीती होती की मी मुलांच्या हातात असं काही देतेय ज्यानं ती आपलंच घर पाडतील. पण प्रश्न सगळ्यांना सारखा लागतो. आपल्या भाषणाला लागतो तसा समोरच्याच्या कबुलीलाही.

हुरळून जाऊ नका, मी मुलांना म्हटलं, आणि स्वतःलाही. पत्रात फक्त 'फातिमा' आहे. "तो फिर शेख कहाँ से आया?" हा प्रश्न पाटीवर आजही तसाच आहे. आपण मूळ पत्र पाहिलेलं नाही, छापलेलं पाहिलं, हेही हिरवीनं लिहून ठेवलं. त्याच पाटीवर दुसऱ्या गटानं मुक्ता साळवेचं नाव मांडलं. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचे स्वतःचे शब्द आहेत, कागद आहे, वर्ष आहे. फातिमाचा स्वतःचा एक शब्दही आपल्याकडे नाही. ती फक्त मैत्रिणीच्या काळजीत दिसते. यावर एक मुलगी म्हणाली, "काम करत होती ना, लिहायला वेळ कुठून?" हा काही पुरावा नव्हे. पण मी ते पुसायला सांगितलं नाही.

आमच्या वर्गात एका मशिदीच्या इमामांचा मुलगा आहे. त्यानं घरी जाऊन सांगितलं की टीचर हदीससारखं शिकवतात. कारण त्यानंच वर्गात सुचवलं होतं की पक्क्या वाक्याला सहीह म्हणू, कच्च्याला जईफ आणि बनावटीला मौजू. दुसऱ्या दिवशी इमामसाहेब शाळेत हजर. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवली. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की हे शब्द त्या इल्मचे आहेत, शाळेतल्या खेळासाठी हलके वापरू नका. मी कबूल केलं. मग ते बसले, चहा आला, आणि त्यांनी अर्धा तास मुलांना शिकवलं. मत्न म्हणजे सांगितलेलं, इस्नाद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. कुणाकडून कुणी ऐकलं, ते दोघं एका काळात होते का, भेटले का, सांगणाऱ्याची स्मृती कशी होती. आणि यासाठी हजारो रावींची चरित्रं लिहिणारं अस्मा-उर-रिजाल नावाचं शास्त्र. साखळीतली एक कडी तुटली तर बात कितीही गोड असो, तिचा दर्जा उतरतो. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. जाताना मला म्हणाले, "आपने वो कशावरून बहुत अच्छा पकडा, टीचर." आम्ही मग शब्द बदलले: पक्कं, ऐकीव, माहीत नाही. पण त्या दुपारपासून मला वाटतं, आमच्या मुलांना चिकित्सक विचार बाहेरून आणून द्यावा लागतो असं प्रशिक्षणांत जे सांगतात, ते ऐकताना यापुढे मला हसू येईल. घरात एवढं मोठं यंत्र असून आपण ते फडक्याखाली झाकून ठेवलं आहे, आणि मोबाईलवर आलेलं पुढे ढकलताना तर त्याची आठवणही काढत नाही.

सगळे खूश नव्हते. माझ्या एका सहकारी बाईंनी शिक्षकांच्या खोलीत मला स्पष्ट विचारलं: आपल्याकडे मिरवायला आहेच कोण? एक फातिमा शेख. बाहेरचे तिला पुसायला टपलेत, आणि तुम्ही आतून मुलांना तिची तारीख पुसायला लावता. तुम्ही कुणाच्या बाजूच्या?

हे मला लागलं. मी घरी जाऊन विचार केला, रागानंच केला. त्यांचं दुःख खोटं नाही. ज्यांच्या दहा पिढ्यांचे कागद कपाटात आहेत त्यांना एक तारीख गेली तर काही वाटत नाही. आमच्याकडे एकच चादर, आणि तीही उलटून बघायची? पण त्या जानेवारीच्या रात्री आमचं जे हसं झालं ते कशामुळे? आम्ही सगळे डूडल आणि तारीख छातीशी धरून उभे होतो. कुणीतरी ती ओढली आणि आम्ही शिव्या देत बसलो. १८५६ चं पत्र पुस्तकात होतं, आमच्या हातात नव्हतं. मजबूत धागा कुठला ते माहीत नसल्यानं कच्चा धागा तुटला तेव्हा सगळंच उसवलं असं आम्हाला वाटलं. मी हे त्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोलायला ठीक आहे." अजून आमचं एकमत नाही. डबा मात्र बरोबर खातो.

वर्ष संपताना पाटी अडीच पानांची झाली होती. पक्कं सगळ्यात कमी, चार-पाच ओळी. ऐकीव पानभर: उस्मान शेख, त्यांचं घर, अहमदनगर. हे खोटं आहे असं कुणी लिहिलेलं नाही, फक्त कडी सापडेपर्यंत ते तिथे थांबलंय. बाकी सगळं माहीत नाही. मी तिची छापील प्रत काढून वर्गात टांगली. मुख्याध्यापक म्हणाले, 'माहीत नाही' असं भिंतीवर लावलेलं पहिल्यांदा बघतोय.

भाषण करणारी मुलगी आता नववीत आहे. जूनमध्ये ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, जन्मतारीख माहीत नाही तर जयंती ९ जानेवारीलाच का? पत्राची तारीख तर छापलेली आहे. १० ऑक्टोबरला करू या. मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, जानेवारीचा कार्यक्रम होतो तसा होऊ द्या, पाहुण्यांना सांगून झालेलं असतं. ऑक्टोबरमध्ये काय ते वर्गात करा.

१० ऑक्टोबर २०२५ लाही जुम्माच होता. शाळा अर्धी, त्यात सहामाहीचं वातावरण. पहिला तास मला मिळाला. हार नाही, फोटो नाही, पाहुणे नाहीत. तिनं समग्र वाङ्मय उघडलं आणि सावित्रीबाईंचं ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग स्वतःचं लिहिलेलं वाचलं, हे मी लिहून दिलेलं नव्हतं. त्याची सुरुवात अशी होती की फातिमा यांचा जन्म केव्हा झाला ते आम्हाला माहीत नाही, पण एकशे एकोणसत्तर वर्षांपूर्वी आजच्या तारखेला त्यांची एक मैत्रीण आजारी असताना त्यांची काळजी करत होती.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून तिसऱ्या संगणकवाल्या मुलानं हात वर केला. "टीचर, सावित्रीबाई नंतर बऱ्या झाल्या का? आणि फातिमानं तेवढे दिवस शाळा एकटीनंच चालवली का?"

"कशावरून?" हिरवी म्हणाली.

घंटा झाली, पण दोघं संगणक कक्षाची चावी मागायला माझ्या मागे आले.